हौसाबाई, आईला सांगितलं

हौसाबाई, तुम्ही गेल्याचं आईला सांगायचं की नाही, हे ठरवायला मला तेरा दिवस लागले. तुम्ही असतात तर हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला असतात आणि त्या वाक्यावर मी पुढचे दोन दिवस घुसमटत बसले असते. आपलं असंच चालायचं. आता भांडायला समोर कुणी नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत होतं हे या घरात फक्त मला माहीत होतं, तेव्हा लिहायला हरकत नाही.

तुम्ही यायच्या आधीच्या संध्याकाळी तुम्ही पाहिलेल्या नाहीत. आईनं चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. सोलापुरात अजूनही कुठल्या दुकानात, कुठल्या बँकेत पन्नाशीची एखादी बाई तिला ओळखते आणि वाकून नमस्कार करते. त्या आईला आधी चष्मा सापडेना, मग रस्ता सापडेना, मग वर्ष सापडेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी कागदावर लिहून घेतलं. पण संध्याकाळी पाच वाजता घरात जे सुरू व्हायचं, त्याला त्या नावाचा काही उपयोग नव्हता.

पाच वाजले की ती पर्स खांद्याला लावायची. पर्समध्ये दोन रुमाल, एक कंगवा आणि कुलूप नसलेली एक किल्ली. "अण्णा वाट बघत असतील, बार्शीची गाडी चुकेल," म्हणत दाराकडे निघायची. अण्णा म्हणजे तिचे वडील, बार्शीच्या पोस्टात होते. मी दारात उभी राहून सांगायचे, की आई, अण्णा जाऊन चाळीस वर्षं झाली. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिच्या थोबाडीत दिली आहे. मग खाली बसून रडायची. तासाभरानं ती बातमी विसरायची, रडणं मात्र तसंच राहायचं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा पर्स, पुन्हा बार्शी. मी रोज संध्याकाळी तिला तिच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी देत होते आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होते. खोटं बोलायचं नाही, हे तिनंच मला शिकवलं होतं.

दार अडवलं की ती चिमटे काढायची, ओरबाडायची. एकदा मनगटाला चावली. दुसऱ्या दिवशी मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून ऑफिसला गेले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तर ती दिवसभर गुंगीत राहून मोरीत पडली. तेव्हा डॉक्टरच म्हणाले, गोळ्या कमी करू, माणूस शोधा. मी लग्न केलेलं नाही, वडील आधीच गेलेले, बहीण-भाऊ नाहीत. शोधणारी मीच आणि शोधायचं ते माझ्याऐवजी.

आमच्या ऑफिसातल्या शिपायानं तुमचं नाव सुचवलं. तो तुमच्या गावाकडचा, सांगोल्याच्या पलीकडचा. तुम्ही आलात त्या दिवशी एका हातात कापडी पिशवी होती आणि काखेत गुंडाळलेलं घोंगडं. वय विचारलं तर म्हणालात, "मोजलं न्हाय." नवरा गेलेला, मुलगा मारुती मेंढरं राखतो, लिहिता-वाचता येत नाही, एवढं सांगितलंत. असं आजारी माणूस कधी सांभाळलंय का, असं मी विचारलं. तुम्ही फरशीकडे बघितलंत आणि न्हाय म्हणालात. दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून मी हो म्हटलं. ठेवून घेताना माझ्या मनात याहून मोठा विचार नव्हता, हे आज कबूल करते.

पहिल्याच संध्याकाळी आई पर्स घेऊन फाटकाशी गेली. मी धावत जाऊन हात पसरून तिच्यासमोर उभी राहिले. तुम्ही मागून आलात, माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलंत आणि आईला म्हणालात, "चला की. मी बी त्याच वाटंनं निगालेय." आणि चक्क फाटक उघडलंत. तुम्ही दोघी रस्त्याला लागलात. तुम्ही तिच्या पुढे नाही, मागे नाही, शेजारून, अर्धं पाऊल सोडून. मी अनवाणी तुमच्यामागे. आई भराभरा चालत अण्णांबद्दल सांगत होती आणि तुम्ही विचारत होतात, अण्णा काय करतात, घर कुठल्या गल्लीत, दारात झाड आहे का. दारात पारिजातक आहे, ती म्हणाली. हे मलासुद्धा माहीत नव्हतं. कॉलनीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिथपर्यंत जाता जाता तिची चाल मंदावली. तेव्हा तुम्ही म्हणालात, पाय दुखायला लागले, वाईच चहा मिळाला असता तर बरं झालं असतं. आई लगेच म्हणाली, "चला ना, आमचं घर इथं जवळच आहे." आणि ती तुम्हाला पाहुणी म्हणून घरी घेऊन आली.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं. तुम्ही भाकरी कुस्करत सांगितलंत, "मेंढराच्या म्होरं हुबं ऱ्हायलं की ते बुजतं. बाजूनं चाललं की आपल्या संगट वळतं." मला राग आला. आईची मेंढरांशी तुलना करू नका, असं मी जरा जोरातच बोलले. तुम्ही खरंच गोंधळून माझ्याकडे बघितलंत. "का वो, ताई? मेंढरं काय वंगाळ असत्यात व्हय?"

आपल्या भांडणांची सुरुवात तिथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं भांडण अण्णांवरून. आईनं विचारलं की अण्णा कुठे आहेत, तर तुम्ही बिनदिक्कत सांगायचात, बार्शीला. आई शांत व्हायची. मी तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, की हे खोटं आहे आणि या घरात असं चालत नाही. तुम्ही कोथिंबीर निवडत होतात, मान वर केली नाहीत. "खोटं कसं? बार्शीलाच हायत की. तितंच जाळलं नव्हं त्येंला?" हे उत्तर मला पटलं नाही. पुढे तीन वर्षं आपण या एका गोष्टीवर वाद घातला. मी म्हणायचे, माणसाला खरं कळण्याचा हक्क असतो. तुम्ही म्हणायचात, एकदा कळलं की झालं, रोज रोज कशाला. आपलं एकमत झालं नाही.

पण घर बदललं. आईला मोरीत न्यायचं म्हणजे आधी युद्ध असायचं. तुम्ही शॉवर बंद केलात, बादलीत कोमट पाणी घेतलंत, आईच्या अंगावर टॉवेल तसाच ठेवून आधी पायांवर पाणी घातलंत, मग गुडघ्यांवर, मग हातांवर, आणि प्रत्येक वेळी आधी तिच्या हाताला पाणी लावून विचारलंत, "गरम हाय का, बाई?" डोक्यावरून पाणी घ्यायला ती आपण होऊन तयार व्हायला आठ दिवस लागले. तुम्ही आठ दिवस थांबलात. कपाटाच्या आरशात तिला एक म्हातारी दिसायची आणि ती बाई कोण घरात शिरली म्हणून आई ओरडायची. मी समजावून सांगायचे की आई, ती तूच आहेस. त्यानं ती आणखी घाबरायची. तुम्ही आरशावर एक जुनी चादर अडकवलीत, विषय संपला. आणि अंधार पडायच्या आधीच, साडेचारलाच, घरातले सगळे दिवे लावायला सुरुवात केलीत. मी विजेच्या अपव्ययावर काहीतरी बोलले. तुम्ही कोपऱ्यातल्या सावल्यांकडे बोट दाखवून म्हणालात, त्यांना तिथं माणसं दिसतात.

एकदा आई तीन दिवस सारखी ओरडत होती. मला वाटलं, आजार पुढे सरकला. तुम्ही जेवताना तिच्याकडे टक लावून बघत बसलात आणि म्हणालात, बाई एकाच बाजूनं चावतायत. दाढ किडली होती. दाढ काढली, ओरडणं थांबलं. दुखतंय हे सांगायचा शब्दच तिच्याकडे उरला नव्हता. तेव्हापासून ती चिडली की मी आधी तिला काय होतंय ते बघायला शिकले. दुखतंय का, बसतेय तिथं टोचतंय का, लघवीला जायचंय का, भूक लागली आहे का.

तुम्ही काही जादूगार नव्हतात. एकदा तिनं रागाच्या भरात पितळी तांब्या तुमच्या कपाळावर मारला होता. भुवईवर टेंगूळ आलं. तुम्ही उठून मागच्या अंगणात गेलात आणि तोंडात मिश्री धरून पाऊण तास बसलात. मी हळद घेऊन आले तर म्हणालात, "मी उटून आले, न्हाय तर माजा हात उटला असता." मग तोंड धुतलंत, दुसरं पातळ नेसलात आणि आईच्या खोलीत अशा गेलात, जशा आजच कामावर आला आहात. आई म्हणाली, "या, या, बसा." मी ते खिडकीतून बघितलं. रागावलेल्या खोलीतून बाहेर जाऊन नव्यानं आत येता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सगळ्यात आठवतात त्या दुपारी. सुट्टीच्या दिवशी मी घरी असायचे. पोर्चमध्ये चटई, मध्ये शेंगांचा ढीग, एकीकडे तुम्ही, एकीकडे आई. तुम्ही फोडायचात, आई दाणे दहा-दहाच्या ढिगांत मांडायची. मग तुम्ही ते उखळात घालून लसूण-तिखट टाकून चटणी कुटायचात आणि आई कुटण्याच्या आवाजावर मान डोलवायची. भात तुम्हाला अन्न वाटत नसे. माझ्या ताटातल्या भाताकडे तुम्ही दयेनं बघायचात. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायचात आणि आई तुम्हाला सांगायची, वर्गात असं बोलायचं नाही. ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला भाकरीचा वास यायचा. तुम्ही येण्याआधी त्या तोंडाशी मी रोज दोन मिनिटं थांबायचे, आत जायचा धीर गोळा करायला. ते थांबणं कधी सुटलं, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

शाळा कशी सुरू झाली ते तुम्ही मला नंतर सांगितलंत. एका संध्याकाळी फिरूनही आई शांत होईना. तुम्ही सहज म्हणालात, बाई, मला माझं नाव लिहायला येत नाही. आई थांबली. पर्स टेबलावर ठेवली. पाठ ताठ झाली. मी घरी आले तेव्हा जमिनीवर खडूनं ह काढलेला होता आणि माझी आई, जिला त्या आठवड्यात माझं नाव आठवलं नव्हतं, तुमचा हात धरून सांगत होती, "घाई करायची नाही. आधी वळण बघ."

मी दुसऱ्या दिवशी पाटी आणली. त्यानंतर रोज पाच वाजता शाळा. आई रोज विचारायची, "नाव काय तुझं?" तुम्ही रोज सांगायचात, हौसा. ती रोज ह पासून सुरुवात करायची, कारण कालचा ह तिच्याजवळ नसायचा. तुम्ही रोज त्याची शेपटी चुकवायचात आणि ती रोज दुरुस्त करायची. मला वाटायचं, बिचाऱ्या हौसाबाई, दीड वर्षात ह सुद्धा जमला नाही. एका सकाळी मी घाईत फ्रिजवर चिठ्ठी लावून गेले, ती खरं तर माझ्यासाठीच होती. दूध संपलं, येताना आणणे. संध्याकाळी दूध घेऊन आले, तर फ्रिजमध्ये आधीच दोन पिशव्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चोरी पकडल्यासारखा पदर तोंडाला लावलात.

"वाचता येतं तुम्हाला?"

"बाईंना सांगू नगा," तुम्ही हळूच म्हणालात. "शाळंतनं नाव कमी करत्याल."

मी त्या दिवशी इतकी हसले की आईनं आतून दटावलं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही पुढेही रोज शेपटी चुकवत राहिलात.

आता त्याचं लिहायला हवं, ज्यासाठी खरं तर बसले आहे.

आई तुम्हाला सुधा म्हणायला लागली. सुधा मी. मला ती कधी बाई म्हणायची, कधी अहो, कधी नुसतंच माझ्याकडे बघायची आणि तुम्हाला हाक मारायची, सुधा, इकडे ये. तुम्ही ओ द्यायचात. मी ऑफिसच्या फायली घेऊन शेजारच्या खोलीत बसलेली असायचे. मला आनंद व्हायला हवा होता. तिला सुधा सापडली होती, एवढं पुरे होतं. पण मला पुरत नव्हतं. मी तुमच्याशी तुटक वागायला लागले, चटणीत मीठ जास्त आहे, फरशी नीट पुसली नाही, असं काहीबाही. तुम्हाला कारण कळत असणार. तुम्ही ते कधी दाखवलं नाहीत.

गेल्या मार्चमध्ये तुम्ही चार दिवस गावी गेलात. मेंढ्या विण्याचे दिवस, मारुती एकटा. ऑफिसात वर्षअखेरीचं काम होतं, रजा मिळेना. बदलीवर येणारी बाई तीन दिवस आली, चौथ्या दिवशी आलीच नाही. साहेबांचा फोन, सह्या अडल्यात. मी आईला तिच्या खोलीत बसवलं, शेजारी पाणी, दोन केळी, पंखा. आणि बाहेरून कडी लावून गेले.

तुम्ही एक गाडी आधीची पकडून आलात. तुमच्याजवळ किल्ली होती. मी परत आले तेव्हा आई तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आवाज बसलेला. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर, रंग खरवडलेला. तुम्ही तिची बोटं एकेक करून पदरानं पुसत होतात. मी म्हटलं, आत्ताच गेले होते, वीस मिनिटं झाली असतील. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी कितीतरी वेळ वाट बघितली. तुम्ही ओरडला असतात तर मी उलट ओरडले असते आणि ते संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेजाऱ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणून ती कडी काढलीत आणि माझ्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलीत. मी म्हटलं, हे घर माझं आहे, आई माझी आहे, तुम्हाला हा अधिकार कुणी दिला.

"व्हय की," तुम्ही म्हणालात आणि कपबशी उचलून नेलीत.

आठ दिवस आपण कामापुरतं बोललो. मग सवयीनं बोलणं सुरू झालं, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. तुम्ही मला मनातून उतरवलंत असं मी धरून चालले. तुम्ही माझ्या हातात चहा द्यायचात तेव्हासुद्धा मला वाटायचं, ही बाई मला माफ करत नाही आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा नातवाच्या जावळाला तुम्ही दोन दिवसांसाठी गेलात. मी तुम्हाला स्टँडवर सोडलं. शेवटचं काय बोलले ते आठवतं, आठवू नये असं वाटतं. रिकामा डबा परत आणा, एवढंच म्हटलं मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर तुमचं नाव दिसलं. मी फोन उचलताच सुरू झाले, की हौसाबाई, दोन दिवस म्हणालात, आज तिसरा, आईनं सकाळपासून मला जेरीस आणलंय. पलीकडून, "ताई, मी मारुती बोलतोय." तुम्ही मेंढरांजवळ बाभळीखाली बसला होतात. सगळ्यांना वाटलं, डोळा लागलाय.

दहाव्याला मी आले होते. आईला कुणाकडे ठेवणार, म्हणून गाडी करून तिलाही आणलं. तुमच्या दारात बायका रडत होत्या, त्या आवाजानं आई बिथरली. माझा हात हिसडून ती निघाली, फुफाट्यातून, काट्याकुट्यांतून. मी पळत जाऊन समोर उभी राहिले नाही. शेजारून चालले. कुठे निघालीस, विचारलं. बार्शीला, म्हणाली. अण्णांच्या दारातल्या पारिजातकाचं मी विचारलं. बोलत बोलत आम्ही तुमच्या वाघरापाशी पोचलो. त्या जाळीच्या कुंपणात कोकरं होती. आई कुंपणाला हात लावून उभी राहिली आणि त्यांना मोजायला लागली. कोकरं हलायची, मोजणी चुकायची, आई पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मारुती आमच्यासाठी चहा घेऊन आला. तुमच्यासारखाच आहे, कमी बोलतो. आईकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमची आज्जी बी अशीच झाली हुती. आयची सासू."

मी त्याच्याकडे बघितलं.

"निगून जायाची. एकदा हिरीच्या काठावर सापडली. आमी बारकी, बा मेंढरामागं लांब गेल्याला. आयला बी चार मेंढरं घिऊन जावंच लागायचं. मग ती आज्जीला लिंबाला बांदून जायाची. कंबरंला दावं. हातापशी पानी ठिवायची, भाकरी ठिवायची. सांजच्याला येऊन सोडायची." त्यानं कुंपणाची जाळी सारखी केली. "आज्जी दिसभर वरडायची. त्याच उन्हाळ्यात गेली. आय कुनाला कदी बोलली न्हाय त्ये."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी तुमच्याबद्दल काय समजून चालले होते, हौसाबाई. मला वाटायचं, तुम्हाला हे उपजत येतं, रानातल्या माणसाला येतं तसं. त्या पहिल्या दिवशी मी विचारलं होतं की असं माणूस सांभाळलंय का, आणि तुम्ही फरशीकडे बघून न्हाय म्हणाला होतात.

मारुतीनं आणखी एक सांगितलं. मार्चमधल्या त्या प्रकारानंतर तुम्ही पुढे गावी आला होतात तेव्हा त्याला म्हणाला होतात, बाईंच्या दाराची कडी काढून टाकली बघ. त्यानं विचारलं, ताईला काही बोललीस का. "म्हनली, मला कुटं तोंड हाय तिला बोलायला."

म्हणजे आठ दिवस तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, ते माझ्यामुळे नव्हतंच. आणि मी मात्र सात-आठ महिने स्वतःला तुमच्या कोर्टात उभं करून ठेवलं होतं. दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी स्वयंपाकघरातल्या त्या लहान टेबलाशी आपण किती वेळ बोललो असतो.

आता माझ्याकडून राहिलेलं सांगते. त्या दिवशी वीस मिनिटं झाली नव्हती. मी साडेअकराला कडी लावली होती आणि परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. सह्या पाऊण तासातच झाल्या. उरलेला वेळ मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटी बसून होते. चहा घेतला, मग दुसरा घेतला. घरी जायला पाय उचलत नव्हते. खरं बोलायचं म्हणून तुमच्याशी तीन वर्षं भांडले, आणि या घरातलं सगळ्यात मोठं खोटं मी तुमच्या तोंडावर बोलले. तुम्हाला ते कळलं होतं, आईच्या बोटांवरूनच कळलं असणार. तरीही मी स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं.

घरी परतल्यावर आईला काय सांगायचं, हा प्रश्न होताच. ती तुम्हाला शोधत होती, पण नावानं नाही. पाच वाजता पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि दाराकडे बघायची. मी सांगायचे, आज शाळेला सुट्टी. ती म्हणायची, कसली सुट्टी, मला परिपत्रक दाखव. मी तुमच्या जागी बसून बघितलं. तिनं नाव विचारलं, मी सुधा म्हटलं. तिनं माझं अक्षर बघितलं आणि म्हणाली, तुला येतंय सगळं, तू वरच्या वर्गात जा. चूक करायलाही मला नीट जमलं नाही.

तेराव्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी करायला घेतली. माझी भाकरी तुम्हाला माहीत आहे. पहिली फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. मी गॅस बंद केला, ओट्याला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. ऑफिसात नाही, फोन आला तेव्हा नाही, तुमच्या गावात नाही, त्या दिवशी पहिल्यांदा. आवाज आवरेना. आई बाहेर पर्स लावून तयार होती, तिचं दाराशी खुडबुडणं मला ऐकू येत होतं. ते थांबलं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माझ्या रडण्यानं ही बिथरणार, आणि आज मला उठता येणार नाही.

तिनं पर्स खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवली. गुडघे दुखतात तिचे, तुम्हाला माहीत आहे. ओट्याला धरून, थांबत थांबत, ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग म्हणाली, "कोण गेलं?"

मला खोटं सुचलं नाही. खरं बोलायचं म्हणूनही बोलले नाही. तोंडातून निघून गेलं, "हौसाबाई."

"चांगल्या होत्या?"

मी मान हलवली.

"मग रड," ती म्हणाली आणि माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. तिच्या पातळाला कपाटातला तोच जुना वास येत होता. मी किती वर्षांनी तिच्या इतक्या जवळ बसले होते, मला सांगता येणार नाही. तिचा हात हळूहळू माझ्या पाठीवरून फिरत होता, घाई न करता.

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "का रडतेस गं?" मी पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा वाईट वाटलं, तिनं पुन्हा मला जवळ घेतलं. त्या संध्याकाळी मी तिला तीनदा सांगितलं, हौसाबाई. तिन्ही वेळा तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिन्ही वेळा ती माझ्याजवळ बसून राहिली.